मंडपावरचा ढग

राष्ट्रीय उद्यानाला मिळालेला एकुलता एक कृत्रिम ढग सकाळीच ओढ्यावरून हलवून मंडपावर आणला गेला. आज हवामान-अनुकूलन आराखड्याचं प्रकाशन होतं आणि पाहुण्यांना ऊन सोसत नव्हतं.

"साहेब, ओढ्याकाठच्या पानांवर बेडकांची अंडी आहेत. ढग नसेल तर दुपारपर्यंत सुकतील," इंटर्न शलाका म्हणाली. "आराखड्यात पहिल्याच पानावर लिहिलंय मी."

"बाळ, प्रकाशनाआधी आराखडा कुणी वाचतं का?" संचालक धामणकर हसले. "उद्या दोन तास जास्त देऊ तुझ्या बेडकांना."

उद्या! सुकलेलं अंडं उद्या ओलं करून काय उपयोग, एवढंही या माणसाला कळत नव्हतं आणि उद्यान मात्र त्याच्या ताब्यात होतं.

भाषणात साहेबांनी बेडकांना 'आपले बांधव' म्हटलं. मग आराखडा लिहिल्याबद्दल शलाकाला मंचावर बोलावून शाल पांघरवली. तिने शाल खांद्यावरून काढली, पाहुण्यांसमोरचा पाण्याचा जग शालीवर रिकामा केला आणि निथळती शाल घेऊन पायऱ्या उतरू लागली.

"अगं, फोटो राहिला!"

"तुमचा काढा, साहेब. सावलीत छान येतील तुम्ही," असं म्हणून शलाका ती शाल पानांवर पांघरायला ओढ्याकडे धावली.