चौथी जागा

भिंगरीला जिओकॅशिंगचं वेड. म्हणजे फोनवरच्या नकाशात खूण बघायची, कुणीतरी लपवलेली डबी हुडकून काढायची, आतल्या चिटुकल्या वहीत सही ठोकायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. तिने स्वतःची पहिली डबी आपल्याच इमारतीत लपवली आणि तिथेच घोडं अडलं. जिन्याखालची, बाकाखालची, कुंडीमागची, अशा तिन्ही डब्या सेक्रेटरीकाकांनी ‘कचरा’ म्हणून फेकून दिल्या. आता चौथी गेली की नकाशावरची तिची खूण कायमची पुसली जाणार होती.

“सोड ना बाई तो नाद,” आई म्हणाली.

“सोडते कसली! आता तर मी हट्टालाच पेटलेय.”

चौथी डबी तिने दोऱ्याला बांधून लपवली. महिनाभरात एकोणीस जण येऊन सह्या करून गेले. काकांनी कुंड्या हलवल्या, बाकं उलटी केली, गच्चीवरची टाकीसुद्धा सोडली नाही. शेवटी त्यांनी भिंगरीला आपल्या ऑफिसच्या दारातच गाठलं.

“कार्टे, कुठे लपवलीस? सांग मुकाट्याने!”

“शोधा की काका! तुम्ही सोडून सगळ्यांना सापडते.”

 

त्याच दारावरच्या तक्रारपेटीत, फटीतून आत सोडलेल्या दोऱ्याला डबी निवांत लटकत होती. ती पेटी काकांनी सात वर्षांत एकदाही उघडली नव्हती.