दोन हिसके

डोलकाठीच्या टोकाशी लटकून ती पुढच्या शिडाचा दोर ओवत होती. हा दोर वरून जरा तिरका सुटावा लागतो, नाहीतर फर्लरच्या फिरत्या नळीवर शीड गुंडाळताना तोही पिळतो आणि भर वाऱ्यात सगळं अडकतं. तिचा नेमका तिरका होता. "बाईमाणसाचं काम नव्हे" म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून! निसटू नये म्हणून एक टोक तिनं स्वतःच्या कमरपट्ट्याला बांधलं होतं. तिची गाठ कधी सुटत नसे.

दुसरं टोक पोकळ डोलकाठीतून खाली गेलं. डोलकाठीच्या तळाचं झाकण उघडून तिचे आबा ते ओढून पारखत. एक हिसका म्हणजे पुन्हा कर, दोन म्हणजे पास. तिला जन्मात दोन मिळाले नव्हते.

एक हिसका आला. तिनं ओठ चावला. मग दुसरा आला.

तिची छाती फुगली. "आबा, दिलेत ना दोन? आता शब्द फिरवायचा नाही हं!"

"कसले दोन?" आबा धक्क्यावरून ओरडले. "अगं, मी अजून बोटीवर चढलोय कुठं? खालचं झाकणसुद्धा बंद आहे."

दोर आत जाऊ लागला, कुणी हातावर हात टाकत ओढावा तसा, सावकाश. कमरपट्टा ताणला गेला.

गाठ पक्की होती.