मणक्यातला कण

उलजान सीटी स्कॅनच्या टेबलावर पालथी पडली होती. कंबर इंजेक्शनने बधिर झाली होती. टेबल यंत्राच्या गोल तोंडात सरकलं आणि पुन्हा बाहेर आलं.

"आता हलायचं नाही हं, आजी," डॉक्टर मेदेत पडद्यावरचं चित्र बघत म्हणाले. "सुई मणक्यापर्यंत पोचलीय. हाडाचा एक कण काढला, की झालं."

"मी कशाला हलतेय? जन्मभर घोड्यांचं दूध काढलंय. हलली ती घोडी, मी कधी नाही."

नर्स फिस्सकन हसली.

"पण डॉक्टर, दुखणं वाईट निघालं तर मला तोंडावर सांगा. थोडेच दिवस उरले असतील, तर ते मला वरच्या कुरणावर, माझ्या घोड्यांत काढायचेत. इथे सुया टोचून घेण्यात नाही."

"ते मी तुमच्या मुलाशी बोलेन."

बिश्केकमध्ये काय, गावाकडे काय, वाईट बातमी नातेवाइकालाच सांगतात. रोग्याला नुसत्या गोळ्या देतात.

पाठीत काहीतरी करकरलं. मग दाब गेला.

बाहेर तालाय तिचा कोट आणि बूट धरून उभा होता.

"फार दुखलं का गं, आई?"

"तुझ्या गाडीतल्या धक्क्यांपेक्षा कमीच."

"असा मुलगा मिळायला नशीब लागतं, आजी," नर्स म्हणाली.

"बघू या," उलजान म्हणाली.

पुढच्या आठवड्यात अहवाल आला. डॉक्टरांनी तालायला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. उलजान बाहेर बाकावर बसून राहिली.

तो बाहेर आला, तिचा हात धरून पायऱ्या उतरला. दोघं गाडीत बसली. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"हं, सांग आता," ती म्हणाली. "माझी तिन्ही पोरं माझ्यापासून लपवतील, म्हणून तर त्यांना पत्ता लागू न देता टॅक्सीच्या अड्ड्यावरून तुला मुलगा म्हणून आणलं. ऐकशील ते जसंच्या तसं सांगायचं, असा शब्द दिलायस मला."

तालाय समोरच्या काचेतून बघत राहिला.

"काही निघालं नाही," तो म्हणाला. आणि आता ऐकायला तिसरं कोणी नव्हतं, तरीही म्हणाला, "ठणठणीत आहेस तू, आई."