टोचणारी बाई

चंद्रभागाबाईनं चुलीवरच्या उकळत्या पाण्यातली सुई चिमट्यानं उचलली, पाहिली आणि पुन्हा पाण्यात सोडली. ही तिसरी वेळ.

प्लेगच्या भीतीनं अख्खं लिंबागणेश गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहिलं होतं. बायका परक्या पुरुषासमोर दंड उघडा करीनात, म्हणून बीडच्या डॉक्टरांनी गावच्या या सुईणीलाच आठ दिवस दवाखान्यात ठेवून लस टोचायला शिकवलं होतं. आज तिचा पहिला दिवस. समोर तीसेक बायका उभ्या होत्या. पुढं कुणी येईना.

शेवटी केसरबाई बोलली. चार दिवसांपूर्वीच तिची सून प्लेगनं गेली होती. नातीचा हात तिनं घट्ट धरला होता.

"चंद्रभागे, ही सत्यभामा तुज्याच हातात जन्मली. आता त्याच हातानं तिला इख टोचणार व्हय?"

"इख न्हाई मावशी, दवा हाय."

"मग सुई सारखी पाण्यात कावून सोडतीस? खरं सांग. टोचून घेतलेलं कुणीच मरत न्हाई का?"

डॉक्टरांनी बजावलं होतं : कुणी विचारलं तर म्हणायचं, काही होत नाही. एकीनं पाय मागं घेतला की सगळ्या माळ उतरून जातील. सत्यभामा चंद्रभागाबाईकडंच बघत होती.

"एक मेली," ती म्हणाली. "दवाखान्यात, माज्या डोळ्यांदेखत. टोचल्यावर तिसऱ्या दिशी. रोग आधीच आंगात होता म्हणं. खरं-खोटं मला ठावं न्हाई."

कुजबुज उठली. मागच्या दोघी-तिघी निघाल्यासुद्धा.

"अन् ज्यांनी टोचून घेतलं न्हाई?" केसरबाईनं विचारलं.

"त्या लई गेल्या, मावशी. रोज जायच्या. मीबी टोचून घेतलंय. दोन दिस ताप आला, हात उचलंना. एवढंच मला ठावं हाय."

केसरबाई नातीचा हात सोडून पुढं आली आणि चुलीपाशी बसली. चोळीची बाही वर सरकवू लागली. बाही तंग होती, कोपराच्या वर जाईना. तिनं शिवणीत बोट घातलं आणि बाही टर्रकन उसवली.

"टोच. आधी मला. तीन दिस बघते, मग पोरीचं."

चंद्रभागाबाईनं सुई उचलली. निघालेल्या बायका थांबल्या. त्यांतल्या एकीनं बाभळीचा काटा मोडून घेतला आणि उभ्याउभ्याच आपल्या बाहीचे टाके उसवू लागली.