लाल पट्टी

"आवाज आहे. चित्र नाही."

एडिटिंगच्या खोलीत तिचा वर्गमित्र आणि कॅमेरामन लंबू याने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि तिने तिसऱ्यांदा हेडफोन कानाला लावला. कात्री चालल्याचा आवाज स्वच्छ येत होता. कचकच, मग जरा थांबून पुन्हा कचकच. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला, म्हणून तेवढा वाचला. समोरचा स्क्रीन मात्र काळाठिक्कर.

दुपारचे दोन वाजून गेले होते. चार वाजता विभागाच्या सभागृहात शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या फिल्म्स दाखवायच्या होत्या. परीक्षक येणार होते. आणि बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर, डोक्याला रुमाल बांधून, तिच्या फिल्मची नायिका आधीच येऊन बसली होती. नायिका म्हणजे तिची आई.

पटकथेच्या शेवटच्या पानावर एकच ओळ होती: 'ती स्वतःची वेणी कापते.' पटकथेच्या मॅडमनी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढून लिहिलं होतं, 'हे जमलं तर फिल्म जमली.' आईची वेणी कमरेपर्यंत. पंधरा दिवस ती नाही म्हणाली. सोळाव्या दिवशी, ज्या दुकानात ती कपडे शिवायची तिथली मोठी कात्री घेऊनच घरी आली. "एकदाच कापीन हं," तिने बजावलं होतं. "तुमचं ते पुन्हा-एकदा पुन्हा-एकदा चालायचं नाही."

"परत सांग," हेडफोन काढून ती लंबूला म्हणाली. "कॅमेऱ्याचं कार्ड पुसायच्या आधी तू काय बघितलंस?"

"डबी बघितली. डबीला पट्टी नव्हती."

हा दोघांचा पहिल्या वर्षापासूनचा नियम होता. शूटिंग झालं की कार्ड त्याच्या डबीत घालायचं आणि डबीला लाल चिकटपट्टी लावायची. कॉम्प्युटरवर कॉपी उतरली की मगच पट्टी काढायची. पट्टी नाही म्हणजे कार्ड मोकळं. लंबूने सकाळी कॅमेऱ्याच्या बॅगेतून ते काढलं, मोकळं समजून पुसलं आणि वर त्याच्यावर सकाळभर गच्चीचं शूटिंगही केलं. पुसलेलं परत मिळवायला लॅबच्या काकांनी तासभर खटपट केली, मग हात टेकले. "दैव देतं आणि कर्म नेतं," असं म्हणून ते चहाला निघून गेले.

"काल रात्री घरी पट्टी मी माझ्या हाताने लावली होती."

"मला नाही दिसली."

"मग काय, पट्टीला पाय फुटले?"

लंबूने रिकामी डबी पुन्हा उलटसुलट करून बघितली. तिला त्याचा इतका राग आला होता की तो समोर उभा असलेलाही नको वाटत होता. पण रागाच्या खाली भीती होती आणि तीच जास्त खरी होती. फिल्म पडली तर वर्ष जाईल, ते जाऊ दे. आईला काय सांगायचं? केस काही चार वाजेपर्यंत वाढत नाहीत.

तेवढ्यात दार ढकलून आईच आत आली. हातात कापडी पिशवी.

"बाहेर किती वेळ बसू? आणि तोंडं का अशी पडलीत तुमची?"

तिने जरा घोळवून सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "आई, वेणी कापतानाचं शूटिंग पुसलं गेलं."

आईचा हात मानेकडे गेला, रुमालाखाली, जिथे आता काही नव्हतं तिथे.

"सगळं?"

"आवाज आहे."

"आवाजाला काय चाटायचंय?" आई मटकन खुर्चीत बसली. "माझ्याकडून कापड चुकीचं कापलं गेलं तर मी गिऱ्हाइकाला नवीन तरी आणून देते गं." तिचे डोळे भरून आले होते. तिने ते रुमालाच्या टोकाने पुसले आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. "ही आणली होती. म्हटलं, साहेबलोकांना दाखवायला लागली तर."

कागद उलगडला. आत वेणी होती. जिथे कात्री चालली होती ते टोक लाल चिकटपट्टीने घट्ट बांधलेलं.

"टोक सुटलं की सगळीच उसवते," आई शिवणाऱ्या बाईच्या सवयीने म्हणाली. "घरात रबर सापडेना. तुमच्या त्या इवल्याशा डबीला ही पट्टी होती, तीच काढून लावली. आता कोणी पुसलं ते सांगाल का?"

दोन तास लंबूने बोलणी खाल्ली होती आणि त्याची काही चूक नसल्याचा पुरावा आता टेबलावर पडला होता. त्याने नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. लंबू वेणीकडे बघत होता.

"मी," दोघंही एकदम म्हणाले.

"दोघांनी मिळून? एकट्याला झेपलं नसतं का?"

लंबूने कॅमेरा स्टँडवर चढवला. "नुसती वेणी घेऊ," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्यावर कात्रीचा आवाज लावू." तिने मान हलवली. दीड तासात जमेल की नाही, कोणाला ठाऊक. तिने घाईने वर्तमानपत्र बाजूला ओढलं, ते फाटलं.

आईने मग स्वतःच वेणी हाताने सारखी करून टेबलावर सरळ ठेवली.

"पट्टी काढू का? चांगली नाही दिसायची."

"राहू द्या, काकू."

"असते तरी कसली ही?"

लंबूने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. "ज्याची दुसरी कॉपी नसते ना, काकू, त्याला लावतो आम्ही."

"मग बरोबर लावली की मी," आई म्हणाली.