ओंडक्यावरची तोंडी परीक्षा

“अन् कलेजीतलं?” भानुदास खाटकानं ओंडक्यावर कलेजी ठेवत लेकीला विचारलं.

“हेपॅरिन.”

“कातड्यातलं?”

“डर्माटन.”

“मग ह्या मऊ हाडातलं?”

प्रणाली अडकली. दुपारी कॉलेजात तिची तोंडी परीक्षा होती, आणि जनावराच्या अंगातल्या साखरेच्या लांबलचक साखळ्यांची नावं काही केल्या डोक्यात बसत नव्हती. जी पहिल्यांदा जिथं सापडली, तिला त्या भागाचं ग्रीक नाव, एवढं तिनं सांगितलं आणि बापानं अख्खा बोकडच तिच्यापुढं मांडला.

“भानुदास, पाव्हणे आलेत घरी. तोल की,” गिऱ्हाईक वैतागलं.

“पाव्हण्यांना चहा पाज तवर. माझ्या पोरीचं अडलंय.”

प्रणालीनं ते हाड बोटानं दाबलं. “कॉन्ड्रॉइटिन.”

भानुदास हरखला. जन्मभर ज्याला तो नुसतं चिकट म्हणत आला, त्याचं कुणीतरी एवढ्या मायेनं बारसं केलं होतं, आणि ती नावं त्याच्या पोरीच्या तोंडी होती.

“आबा, सरांनी विचारलं कुठं पाठ केलंस, तर?”

“घरी म्हण,” तो फडक्याला हात पुसत म्हणाला.

“दुकानात म्हणीन. आबांनी करून घेतलं म्हणीन.”

हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी भानुदास ते पुसतच राहिला.