मागच्या रांगेतून

मावशी खोकल्याच्या गोळ्यांचे कागद घरीच सोडवत बसली होती. एकेक गोळी सोडवायची, रुमालात ठेवायची. नाटकात ऐन मोक्याला कागद चुरचुरला तर नट मरायच्या आधी मी मरेन, असं तिचं म्हणणं. किल्ल्यांचा जुडगा तिनं मोज्यात कोंबला होता, पर्समध्ये वाजायला नको म्हणून. सकाळपासून चहाचा घोट नाही, मध्येच उठायला लागलं तर काय. आणि गंमत म्हणजे खोकला तिला नव्हताच. गोळ्या आजूबाजूच्यांसाठी.

भाची, म्हणजे जिला घरात सगळे अजून बारकी म्हणतात आणि जी आता मावशीपेक्षा हातभर उंच झालीय, ती काकांच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. त्या खुर्चीच्या हातावर एक खळगा आहे, काकांनी अंगठीनं ठोकून ठोकून पाडलेला. रेडिओ ऐकता ऐकता ठोकायचे. का, ते बारकीनं कधी विचारलं नाही. तिचं बोट लहानपणापासून आपलं उगाच त्यात जातं.

तिकिटं बारकीनंच काढलेली. दुपारचा प्रयोग, तिसरी रांग, मधोमध. काका गेल्यावर मावशी एकदाच एकटी नाटकाला गेली होती आणि मध्यंतरातच घरी परत आली होती. म्हणून या वेळी सोबत. मावशीनं तिकिटं बघितली आणि रुमालाला गाठ मारता मारता थांबली.

"शेजारी शेजारी कोण बसतं गं?"

आता बारकीला काय वाटायचं, की ही दोघं जन्मभर नाटकं बघत आली म्हणजे मांडीला मांडी लावूनच बघत असणार. तर तसं नव्हतंच. मावशी पहिल्या रांगेत, काका शेवटच्या. लग्न झाल्यापासून. ही म्हणायची नाटक बघायचं असतं, ते म्हणायचे ऐकायचं असतं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल तेवढंच खरं. तिथे डोळे मिटून बसायचे. लोकांना वाटायचं हा माणूस पैसे देऊन झोपायला येतो. मग मध्यंतरात जिन्याखाली भेटायचं, हिनं चेहरे सांगायचे, त्यांनी आवाज. दोघांचं मिळून एक नाटक व्हायचं.

"मागच्या वेळी अर्धंच दिसलं," मावशी म्हणाली. "आज पण अर्धंच निघालं तर पुरे. मग परत नाटकाला नाही जायचं मला."

दिवा मालव म्हणावं तितक्या साधेपणानं म्हणाली, म्हणून तर बारकीनं खळग्यातलं बोट काढलं आणि पाय खाली घेतले.

तिकीटखिडकीवरच्या माणसाला काही सांगावंच लागलं नाही. त्यानं मावशीला बघितलं, दोन तिकिटं परत घेतली, दोन दिली. एक पहिल्या रांगेचं, एक शेवटच्या. आणि मग तिच्या खांद्यावरून मागे बघायला लागला, कोणी येतंय का. मावशी म्हणाली, आज मागे ही बसणार. तो एकदम शिक्क्याच्या शाईत काहीतरी शोधायला लागला.

दारातच बारकीला हुकूम मिळाले. डोळे मिटायचे ते मिटायचे, काही झालं तरी उघडायचे नाहीत. कुणी शब्द गिळला तर लक्षात ठेवायचं. झोप तर अजिबात नाही.

"मला कळेल."

"पुढे बसून कसं कळेल?"

"घोरतेस तू. आईवर गेलीयस."

शेवटची रांग जवळजवळ रिकामी होती. बारकीनं डोकं मागे टेकलं तर थेट भिंत, गार. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, तिनं डोळे मिटले. घर विकायला निघालेल्या दोन बहिणींचं नाटक. आधी नुसते पंखे ऐकू येत होते आणि कुणाच्या तरी चपला. मग हळूहळू आवाज वेगवेगळे झाले. थोरलीचा आवाज थेट तिच्या गुडघ्याशी येऊन थांबायचा, धाकटीचा अर्ध्या वाटेत खाली पडायचा. बारकी पुढे वाकली, हनुवटी मुठीवर, डोळे गच्च.

मध्यंतरात ती धावतच जिन्याखाली गेली. मावशी तिच्या आधी पोचलेली. म्हणाली, थोरली हसत होती, पण पायाची बोटं रुतवून उभी होती. बारकी म्हणाली, धाकटी घर विकू या म्हणते ना, त्याच्या आधी ती श्वासच घेत नाही, घोकून आल्यासारखी बोलते, तिला विकायचंच नाहीये. मावशीनं तिच्याकडे असं बघितलं, जसं कितीतरी महिन्यांत कुणाकडे बघितलं नव्हतं. रुमाल सोडला आणि एक गोळी तिच्या हातावर ठेवली.

बारकी अशी काही फुलली की त्याच दमात तक्रारही करून टाकली.

"पण माझ्या मागचा माणूस ना, नुसता वैताग. कुणी वाक्याचा शेवट गिळला की माझ्या खुर्चीच्या पाठीवर टक. अंगठी असणार बोटात. मी वळून झापणारच होते, पण तू म्हणालेलीस डोळे उघडायचे नाहीत."

बोलता बोलता तिचा हात डोक्याच्या मागे गेला, जिथे मघाशी भिंतीचा गारवा लागला होता. गोळी गालातच राहिली. तिनं मावशीकडे बघितलं.

वर घंटा झाली. लोक जिन्यावरून आत जायला लागले. मावशी हलली नाही. तिनं बारकीचं मनगट धरलं, जवळ ओढलं, आणि आजूबाजूच्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"कुठल्या वाक्याला?"